आधी थांबली पाहिजे

मी पेशाने कारकून. दिवसभर दुसऱ्यांच्या पैशाचे हिशेब तपासायचे आणि रविवारी वस्तीतल्या अभ्यासिकेचे काम पाहायचे, असा माझा क्रम. यंत्राशी माझा संबंध लहानपणी सायकलचे पंक्चर काढण्यापुरता आला होता. अशा माणसाने जुन्या मोटारीच्या दुरुस्तीवर लिहावे याचे वाचकांना नवल वाटेल. पण त्या दुरुस्तीत मी जे शिकलो ते बी.कॉम.च्या तीन वर्षांत शिकलो नव्हतो, म्हणून हा लेखनप्रपंच.

२०२३ सालच्या जून महिन्यातली गोष्ट. रविवारची सकाळ होती. कल्याण पूर्वेला आमच्या चाळीच्या मागे एक भंगारवाला आला आणि त्याने ताडपत्री उचलून आमची गाडी पाहिली. गाडी म्हणजे प्रीमियर पद्मिनी, १९८८ सालची, दुधी रंगाची. २०२० च्या टाळेबंदीत ती जी उभी राहिली ती हललीच नव्हती. चारही चाके बसली होती, खालच्या पत्र्याला गंज चढला होता, आणि मागच्या सीटवर मांजरीने दोनदा संसार मांडला होता. भंगारवाल्याने बोनेटवर थाप मारली आणि म्हणाला, "सोळा हजार. आज उचलतो."

माझा धाकटा भाऊ पुण्याला असतो. त्याचा फोनवरून आग्रहच होता की, देऊन टाक. नोव्हेंबरमध्ये गाडीच्या नोंदणीची मुदत संपत होती. खासगी मोटारीची नोंदणी पहिली पंधरा वर्षे चालते, पुढे दर पाच वर्षांनी तपासणी करून ती वाढवून घ्यावी लागते. या नूतनीकरणाचे शुल्क पूर्वी सहाशे रुपये होते, ते एप्रिल २०२२ पासून पाच हजार झाले. हिशेबाच्या भाषेत बोलायचे तर घसारा वजा जाता जाता त्या गाडीचे पुस्तकी मूल्य केव्हाच शून्य झाले होते. उरले होते ते भंगारमूल्य.

मी होकार देणार, तोच माझे लक्ष ओट्यावर बसलेल्या वडिलांकडे गेले. आम्ही त्यांना नाना म्हणतो. ते काही बोलले नाहीत. नुसते उठले, भिंतीला धरत गाडीपाशी आले, आणि भंगारवाल्याने टाकलेली ताडपत्री पुन्हा नीट ओढून तिचा कोपरा विटेखाली दाबून ठेवला.

मी भंगारवाल्याला म्हटले, "पुढच्या महिन्यात या."

ती गाडी नानांची कोण होती, हे सांगितल्याशिवाय पुढचे कळणार नाही. नाना जुन्नर तालुक्यातून मुंबईला आले आणि १९७० पासून २००३ पर्यंत तेहेतीस वर्षे त्यांनी टॅक्सी चालवली. टॅक्सी त्यांची नव्हे. मालकाची. रोजचे ठरलेले पैसे मालकाला द्यायचे, पेट्रोल आपले भरायचे आणि उरेल ते घरी आणायचे. त्यातच माझे शिक्षण झाले. "तेहेतीस वर्षं लोकांनी मला 'ए टॅक्सी' म्हणून हाक मारली," असे ते एकदा म्हणाले होते. तक्रार म्हणून नव्हे, सहज.

निवृत्तीनंतर २००४ साली त्यांच्या एका नेहमीच्या गिऱ्हाइकाने आपली घरची पद्मिनी विकायला काढली. नानांनी अठरा हजारांना ती घेतली. साठीच्या उंबरठ्यावर ते पहिल्यांदा आपल्या स्वतःच्या गाडीत बसले. पुढे सोळा वर्षे ती गाडी साऱ्या वस्तीची होती. रात्री-अपरात्री कुणा बाईच्या पोटात कळा यायला लागल्या, कुणाला दम लागला, कुणाच्या मुलाचे परीक्षेचे केंद्र लांब आले, की माणसे आमच्या दारावर थाप मारीत. नाना कुणाकडून पैसे घेत नसत. "पेट्रोल टाका म्हणजे झालं," म्हणत.

असो. त्या रात्री मी पत्नीशी बोललो. माझ्या आवर्ती ठेवीचे साठ हजार रुपये त्याच महिन्यात हाती येणार होते. ती म्हणाली, "नानांसाठी करा. पण साठच्या वर एक रुपया नाही. मुलीची बारावी आहे." मी मान्य केले आणि लगेच कागद घेऊन अंदाजपत्रक मांडले. इंजिन पस्तीस हजार, रंगकाम बावीस हजार, किरकोळ तीन हजार. बेरीज बरोबर साठ.

सकाळी कागद नानांना दाखवला. त्यांचे तेव्हा अठ्ठ्याहत्तरावे चालू होते. एका गुडघ्याने दगा दिलेला, ऐकू कमी येत असे, पण मोतीबिंदू काढल्यापासून नजर स्वच्छ होती. त्यांनी कागद वाचला, माझ्या खिशातले पेन काढून घेतले आणि रंगकामावर आडवी रेघ मारली.

"रंगानं गाडी थांबते का?" त्यांनी विचारले.

मी गप्प.

"आधी थांबली पाहिजे. मग वळली पाहिजे. मग पळायचं बघू."

वाचकहो, जुन्या गाडीच्या दुरुस्तीचे सगळे शास्त्र या तीन वाक्यांत आहे. पैसे भरपूर असलेला माणूस कुठूनही सुरुवात करू शकतो. ज्याचे पैसे मोजके आहेत त्याला क्रम चुकवून चालत नाही, कारण मध्येच पैसे संपले तर काय उरते, हे क्रमावर ठरते. माझ्या अंदाजपत्रकाप्रमाणे गेलो असतो तर पैसे संपले त्या दिवशी माझ्यापाशी चकचकीत, जोरात पळणारी आणि ब्रेक न लागणारी गाडी असती.

तेव्हा पहिला रविवार ब्रेकचा. पद्मिनीला चारही चाकांना ड्रम ब्रेक असतात आणि ते तेलाच्या दाबाने चालतात. गाडी उभी राहिली की हे तेल हवेतला ओलावा शोषते, आतून गंज धरतो आणि रबरी वॉशर चिकटून बसतात. आमच्या ओळखीचे एक वयस्कर मिस्त्री होते, त्यांना नाना उस्ताद म्हणत. उस्तादांनी मास्टर सिलिंडर आणि चाकांचे सिलिंडर खोलून त्यांचे वॉशर बदलले, रबरी नळ्या नव्या टाकल्या, दोन चाकांचे लायनर बदलले आणि सगळे जुने तेल काढून नवे भरले. खर्च ६,२०० रुपये. मी फक्त आत बसून पेडल दाबायचे आणि सोडायचे काम केले. त्या दिवशी माझ्या पोटऱ्या दुखल्या.

दुसरा रविवार पुढच्या सस्पेन्शनचा. या गाडीच्या पुढच्या बाजूला दोन्ही चाकांना स्वतंत्र आर्म आणि गुंडाळीची स्प्रिंग असते, मागे सरळ अॅक्सल आणि कमानपाटे. पुढचे चाक ज्या उभ्या खिळ्याभोवती वळते त्याला किंगपिन म्हणतात. आजच्या मोटारींत हा प्रकार राहिलेला नाही. किंगपिनला वेळच्या वेळी ग्रीस मिळाले तर तो वर्षानुवर्षे टिकतो, नाही मिळाले तर त्याचे बुश झिजतात आणि चाक डुगडुगू लागते.

नानांनी मला प्ले कसा पाहायचा ते शिकवले. गाडी जॅकवर उचलायची, पण नुसत्या जॅकच्या भरवशावर कधीही खाली जायचे नाही. लोखंडी स्टँड लावायचेच. मग चाक वर आणि खाली धरून हलवायचे. हलले तर दोष बेअरिंगचा की किंगपिनचा? नाना म्हणाले, "आता उस्तादांना ब्रेक दाबून धरायला सांग आणि पुन्हा हलव." ब्रेक दाबला की ड्रम जागच्या जागी धरला जातो. हालचाल बंद झाली तर बेअरिंग सैल. तरीही हलते आहे, तर किंगपिन गेला. मग चाक डावीकडे-उजवीकडे धरून हलवायचे. तिथे प्ले असेल तर स्टिअरिंगच्या टाय रॉडची टोके पाहायची.

आमच्या गाडीत दोन्ही किंगपिन गेलेले होते आणि टाय रॉडचे एक टोक हाताने हलत होते.

माझ्या तोंडून निघून गेले, "नाना, एवढं थोडं हललं तर काय बिघडतं? आपण कुठं शर्यतीला निघालोय?"

नानांनी चाकावरचा हात काढला नाही. थोड्या वेळाने म्हणाले, "सत्त्याऐंशी साली वडाळ्याला असंच एक टोक निसटलं होतं माझं."

ही गोष्ट मला ठाऊक नव्हती. घरात कुणालाच ठाऊक नव्हती. त्यांनी मालकाला तीन वेळा सांगितले होते की, स्टिअरिंगमध्ये प्ले आहे. मालक म्हणाला, चालव अजून महिनाभर. त्याच महिन्यात मालकाने टॅक्सीला नवा रंग मात्र दिला, कारण पासिंग जवळ आले होते. एका दुपारी वळणावर टाय रॉडचे टोक निसटले आणि एक चाक एकीकडे, दुसरे दुसरीकडे असे झाले. गाडी हळू होती म्हणून फुटपाथला घासून थांबली. मागच्या सीटवर एक बाई लहान मूल घेऊन बसली होती. कुणाला लागले नाही. दुरुस्तीचे पैसे नानांच्या कमाईतून सहा महिने कापले गेले.

"त्या बाईनं उतरताना मला विचारलं, तुम्हाला गाडी चालवता येत नाही का?" नाना म्हणाले. "रंग सगळ्यांना दिसतो, बाळा. प्ले फक्त हाताला कळतो."

मी कागद काढला आणि पुढच्या सस्पेन्शनपुढे आकडा लिहिण्यापूर्वी त्यांना विचारले, "काय काय बदलायचं?" त्यानंतर मी कशालाही "एवढ्यानं काय होतंय" म्हटले नाही.

सुटे भाग आणायला मी कुर्ल्याला गेलो. पद्मिनी कुर्ल्याचीच लेक. प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या तिथल्या कारखान्यात १९६४ पासून फियाट ११०० डिलाइट या नावाने ती तयार होऊ लागली आणि १९७४ पासून तिला पद्मिनी हे नाव मिळाले. कारखान्यातून आता ती निघत नाही. पण कुर्ल्याच्या बाजारात तिचे भाग अजून मिळतात. काही नवे, काही मोडीत निघालेल्या टॅक्सींतून काढलेले. मी मनाशी नियम केला. ज्याच्यावर जीव अवलंबून आहे ते नवे घ्यायचे, बाकीचे जुने चालेल. किंगपिन, बुश, टाय रॉडची टोके, ब्रेकची रबरे नवी. आरशाचा दांडा, दाराची मूठ, काच फिरवायचे हँडल जुने.

किंगपिनचे बुश नुसते ठोकून बसत नाहीत. ते बसवल्यावर रीमर फिरवून पिनच्या मापाचे करून घ्यावे लागतात, ते काम लेथवाल्याकडे झाले. दाबलेली स्प्रिंग सुटली तर माणसाचा जीव घेऊ शकते, म्हणून पुढच्या स्प्रिंग उतरवायचे काम उस्तादांनी योग्य अवजार लावून केले आणि आम्हाला लांब उभे केले. हाताने दाबून सोडल्यावर गाडीचे नाक तीन-चार वेळा झुलत होते, म्हणजे पुढचे शॉक अॅब्सॉर्बर संपले होते. ते जोडीनेच बदलले. शेवटी ग्रीसगनने जुने काळे ग्रीस बाहेर येऊन नवे दिसेपर्यंत ग्रीस भरले. मजुरीसह ११,४०० रुपये.

मागच्या कमानपाट्यांच्या वेळी मी एक चूक केली, ती सांगितलीच पाहिजे. पाटे खोलून, गंज घासून, कमानवाल्याकडून त्यांना पुन्हा बाक देऊन आणले होते. टोकांना रबरी बुश नवे. मोठ्या उत्साहाने मी गाडी स्टँडवर असतानाच बोल्ट करकचून आवळले. आठ दिवसांत एक बुश फाटला. कारण साधे आहे. चाके लोंबकळत असताना बोल्ट आवळला की रबर त्याच स्थितीत धरले जाते. गाडी जमिनीवर आली, पाटा सरळ झाला की ते रबर कायमचे पिळलेले राहते आणि फाटते. बोल्ट आधी सैल ठेवायचे, गाडी चाकांवर उभी करायची, दोन-चार वेळा दाबून सोडायची आणि मगच आवळायचे. माझ्या या शहाणपणाची किंमत चारशे रुपये. मागचे काम धरून एकूण ५,३०० झाले. नाना एवढेच म्हणाले, "वजन अंगावर आल्याशिवाय कुणालाच पक्कं करू नये." ते बुशबद्दल बोलत होते, पण अभ्यासिकेत नवे कार्यकर्ते नेमताना मला ते वाक्य हमखास आठवते.

आता इंजिन. एका गॅरेजवाल्याने बोनेट उघडून दोन मिनिटांत सांगितले होते की, पूर्ण इंजिन उतरवावे लागेल, बोअर, पिस्टन, रिंग, बेअरिंग सगळे, पंचावन्न हजार. मी घाबरलो होतो. उस्ताद म्हणाले, "मोजल्याशिवाय खोलायचं नाही." मला ते वाक्य ओळखीचे वाटले. आम्हीही व्हाउचर पाहिल्याशिवाय सही करत नाही.

आधी टाकीतले कुजलेले पेट्रोल काढून टाकले. प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडे तेल सोडले, एक रात्र जाऊ दिली, आणि सकाळी गाडी चौथ्या गिअरमध्ये टाकून हळूच ढकलली. इंजिन फिरले. जाम नव्हते. इंजिनचे तेल बदलले. कार्बोरेटर खोलून साफ केला, पॉइंट बदलले, प्लग नवे, बॅटरी नवी. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळले जाऊ लागल्यापासून जुन्या प्रकारचे रबर लवकर फुगते आणि मऊ पडते, म्हणून पेट्रोलच्या नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या घेतल्या. गाडी सुरू झाली, पण लंगडत. चारांतला एक सिलिंडर काम करत नव्हता.

नानांनी लांब स्क्रू ड्रायव्हर मागवला. त्याचे टोक इंजिनला लावले आणि मूठ कानामागच्या हाडाला टेकवली. ज्यांना मी दोनदा ओरडून बोलावतो त्यांनी अर्ध्या मिनिटात बोट दाखवले. "तिसरा."

मग मोजमाप झाले. इंजिन गरम करून, चारही प्लग काढून, अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून धरायचा आणि स्टार्टर फिरवायचा. प्लगच्या भोकात लावलेले मीटर प्रत्येक सिलिंडरचा दाब दाखवते. पहिला ११८, दुसरा ११५, चौथा ११६ आणि तिसरा फक्त ७०. आता खरी मेख. तिसऱ्यात चमचाभर तेल सोडून पुन्हा मोजायचे. दाब एकदम वाढला तर गळती पिस्टनच्या रिंगांतून आहे, कारण तेलाने ती फट बुजते. वाढला नाही तर दोष वर, व्हॉल्व्हमध्ये किंवा हेडच्या पॅकिंगमध्ये. तेल टाकल्यावर आकडा आला ७४. म्हणजे खालचे इंजिन शाबूत होते. एका चमचाभर तेलाने आमचे चाळीस-पंचेचाळीस हजार वाचवले.

हे इंजिन १०८९ घनसेंटिमीटरचे, चार सिलिंडरचे. खालचा ब्लॉक बिडाचा आणि वरचे हेड अॅल्युमिनियमचे. हेड उतरवले तेव्हा तिसऱ्याचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह कडेला जळालेला स्पष्ट दिसला. तो नवा घातला, बाकीचे घासून त्यांच्या जागेवर नीट बसवले, गाइड तपासले, साचलेला कोळसा खरवडला. हेडचा पृष्ठभाग किंचित वाकला होता, तो लेथवाल्याने सपाट केला. पॅकिंग नवे. हेडचे नट आवळताना मधून सुरुवात करून बाहेर बाहेर जायचे, एका दमात नाही, दोन-तीन फेऱ्यांत, मोजणाऱ्या पान्याने. थोडी गाडी चालवून, इंजिन पूर्ण थंड झाल्यावर पुन्हा एकदा तपासायचे. टॅपेट लावताना उस्तादांनी फीलर गेज माझ्या हाती दिले. ते पाते दोन भागांमधून जाताना किती अडावे, हे सांगून समजत नाही. नानांनी माझ्या बोटांवर आपली बोटे ठेवून ते दाखवले. लहानपणी पाटीवर अक्षर गिरवताना त्यांनी असाच हात धरल्याचे मला आठवत नाही, कारण तेव्हा ते टॅक्सीवर असत. ते मला त्या दिवशी मिळाले.

हेड का वाकले? तापल्यामुळे. म्हणजे कारण तसेच ठेवून नुसते हेड दुरुस्त करणे म्हणजे गळक्या छताखाली भिंत रंगवणे. रेडिएटर उघडून आतला गाळ साफ करवला, पाण्याचा पंप, थर्मोस्टॅट, नळ्या आणि पट्टा बदलला.

सप्टेंबर संपता संपता हातात जवळजवळ तेरा हजार उरले होते. मला मोह झाला. निदान बोनेट आणि दारे तरी रंगवून घ्यावीत. तेवढ्यात मुलीने टायरवरचा चार अंकी आकडा वाचून दाखवला, ३२१४. पहिले दोन अंक आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. टायर २०१४ च्या बत्तिसाव्या आठवड्यात तयार झालेले होते. नक्षी शाबूत होती, पण कडेला बारीक भेगा पडल्या होत्या. ती म्हणाली, "बाबा, आधी थांबली पाहिजे ना?" आजोबांचे वाक्य नातीच्या तोंडी ऐकून मी निमूटपणे १२,८०० रुपये टायरवाल्याला दिले आणि चाकांची अलाइनमेंट करून घेतली.

हिशेब असा. ब्रेक ६,२००, पुढचे सस्पेन्शन ११,४००, मागचे ५,३००, टायर १२,८००. म्हणजे थांबणे आणि वळणे यांवर ३५,७०० रुपये. हेडचे काम ९,८००, पाण्याचे ४,१००, पेट्रोलचे ३,३००, बॅटरी आणि विजेचे ५,६००, तेले व किरकोळ १,७००. म्हणजे पळण्यावर २४,५००. एकूण ६०,२००. वरचे दोनशे रुपये पत्नीने माझ्या चहाच्या खर्चातून वळते केले. गंज घासलेल्या जागी लावायला रेड ऑक्साइडचा डबा नानांनी स्वतःच्या पैशाने आणला. त्यामुळे आमची गाडी दुधी रंगावर लाल ठिगळे लावलेली अशी दिसते, आणि अजून तशीच आहे.

३० ऑक्टोबर २०२३. त्या दिवशी वर्तमानपत्रात बातमी होती की, मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सी कायमची गेली. ताडदेवच्या आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदलेली शेवटची टॅक्सी वीस वर्षांची मर्यादा गाठून बाद झाली होती. नानांनी बातमी वाचली, वर्तमानपत्राची घडी घातली, आणि म्हणाले, "चल, प्ले बघून घेऊ. पुढच्या आठवड्यात पासिंग आहे."

पासिंग झाले. पुढच्या पाच वर्षांचा शिक्का मिळाला. कायद्याने ही गाडी काही ऐतिहासिक ठरत नाही. २०२१ साली केलेल्या नियमांत विंटेज वाहन म्हणजे पन्नास वर्षांहून जुने. आमची नुसतीच जुनी. वीस वर्षांपुढच्या मोटारींचे नूतनीकरण शुल्क २०२५ मध्ये दहा हजार झाले आहे, तेव्हा पुढच्या खेपेची तजवीज मी आतापासून करतो आहे. घसाऱ्याबरोबर दुरुस्तीनिधीही ठेवायचा असतो, हे मला आता उमगले.

डिसेंबरात आम्ही गावी निघालो. कल्याणहून मुरबाड, टोकावडे आणि माळशेज घाट चढून ओतूरकडे. गुडघा लांब करता यावा म्हणून नानांना मागच्या सीटवर बसवले. मी चालवत होतो. घाटात दुसऱ्या गिअरवर गाडी संथपणे चढत होती. माझे डोळे रस्त्यावर कमी आणि तापमानाच्या काट्यावर जास्त होते. काटा मध्यावरून हलला नाही. वर आल्यावर उतार लागला. वळणापूर्वी मी ब्रेकवर पाय ठेवला. गाडी सरळ रेषेत, न ओढता, हळू झाली आणि वळली.

मी आरशात पाहिले. नानांचे दोन्ही हात मांडीवर होते. एरवी कुणीही गाडी चालवत असले तरी त्यांचा उजवा पाय नसलेल्या ब्रेकवर दाबलेला असायचा, हे घरात सर्वांना ठाऊक होते. त्या दिवशी तो पायही सैल होता.

"झोप लागली का?" मी विचारले.

"नाही," ते म्हणाले. "मागून रस्ता कसा दिसतो ते बघतोय."

आपल्यापैकी कित्येकांच्या दारात अशी एखादी जुनी वस्तू उभी असेल. स्कूटर असेल, शिलाई यंत्र असेल. ती ठेवावी की मोडीत काढावी, हे ज्याने त्याने आपल्या ऐपतीने ठरवावे. खालचा पत्राच सडला असेल, सांगाडाच गेला असेल, तर माया आवरून मोडीत देणेच शहाणपणाचे. पण ठेवायचे ठरवले तर लोकांना काय दिसेल याची चिंता शेवटी करा. आधी मोजा, मग खोला. दोष काढायचा तर त्याचे कारणही काढा. आणि त्या वस्तूवर ज्याचे हात झिजले आहेत असे माणूस घरात असेल, तर गॅरेजवाल्याच्या आधी त्याला विचारा.

आमच्या घरी अजूनही रात्री कधीतरी दारावर थाप पडते. गाडी मी काढतो. नाना ओट्यावर येऊन उभे राहतात, आणि मी गिअर टाकण्यापूर्वी हात वर करून विचारतात, "ब्रेक बघितला का?"

बघितलेला असतो. तरी मी पुन्हा एकदा दाबून बघतो.